सरदारांची चार वर्षे

सरदार पटेल पहिले पंतप्रधान झाले असते तर, असा प्रश्न निघाला की नेहरूभक्तांचे उत्तर ठरलेले असते : सरदार १५ डिसेंबर १९५० रोजी गेलेच, मग फरक तो काय पडला असता? मोठा सोयीस्कर युक्तिवाद! १९४६ साली काँग्रेसच्या १५ प्रांतिक समित्यांपैकी १२ समित्यांनी अध्यक्षपदासाठी सरदारांचे नाव सुचविले होते. नेहरूंचे एकीनेही नाही. गांधीजींच्या इच्छेखातर सरदार बाजूला झाले आणि अध्यक्षपदापाठोपाठ सत्ताही नेहरूंकडे गेली. पण उरलेली चार वर्षे थोडी होती काय? गृहमंत्री म्हणून त्याच काळात सरदारांनी साडेपाचशेहून अधिक संस्थाने भारतात आणली. जुनागढचा नबाब पळाला. सप्टेंबर १९४८मध्ये निजाम शरण आला, हे मराठवाड्याला सांगावयास नको. काश्मीर तेवढे पंतप्रधानांनी स्वतःकडे ठेवले आणि १ जानेवारी १९४८ रोजी ते प्रकरण संयुक्त राष्ट्रसंघाच्या दारी नेले. पंतप्रधानपदी सरदार असते, तर ही तक्रार गेली असती काय? तिबेटमध्ये घुसलेल्या चीनविषयी ७ नोव्हेंबर १९५०च्या पत्रात त्यांनी दिलेला इशारा मग पत्रात न राहता सरकारचे धोरण झाला असता. ते पत्र लिहिणाऱ्याचे ३८ दिवस उरले होते. ज्यांना ते लिहिले, त्यांच्या हाती १९६२पर्यंत जवळजवळ १२ वर्षे होती.