रोगट पानाचा पंचनामा

माणसाला ताप आला की डॉक्टर रक्त तपासायला सांगतात आणि कागद हाती येईपर्यंत आपण धीर धरतो. पीक आजारी पडले की मात्र हा धीर सुटतो. पान पिवळे दिसले की शेतकरी कृषी केंद्राची पायरी चढतो, दुकानदार दोन बाटल्या काढून देतो आणि रोगाचे नाव विचारायचे राहूनच जाते.

नागझिऱ्याच्या जंगलात शिरण्याचे एक दार म्हणून चोरखमारा हे नाव पर्यटकांच्या ओळखीचे आहे. वाघ पाहायला जाणाऱ्यांच्या गाड्या ज्या बांध्यांजवळून जातात, त्यांत धान असते आणि गोंदिया जिल्ह्याचा संसार या धानावर चालतो. रोवणी आटोपली, आभाळ दिवसेंदिवस भरून राहिले, की गावोगाव एकच शब्द ऐकू येतो: करपा. पण या एका शब्दाच्या पोटात निरनिराळे रोग दडलेले असतात. पानावर दोन्ही टोकांना निमुळते, मधे राखाडी ठिपके पडले तर तो बुरशीचा करपा. तोच लोंबीच्या मानेवर उतरला की मानमोडी. पान शेंड्याकडून कडेकडेने पिवळे पडत, वाळत खाली आले तर तो कडा करपा, आणि तो जिवाणूंमुळे होतो. बुरशीवरचे औषध जिवाणूला काय करणार? दुखणे रेड्याला आणि डाग पखालीला, तशातली गत. त्यात पीक पिवळे दिसते म्हणून युरियाची एक मूठ जास्त टाकली, तर दोन्ही रोगांना बळच मिळते.

खरे तर पहिली तपासणी घरातल्या काचेच्या पेल्यातही होते. रोगट ताजे पान कापून त्याचे कापलेले टोक स्वच्छ पाण्यात बुडवावे. थोड्या वेळात दुधासारखी धार पाण्यात उतरली, तर जिवाणूंचा संशय बळावतो. पुढची खात्री प्रयोगशाळेची. तिथे पोचणारा नमुना मात्र नीट हवा. पूर्ण वाळून गेलेले पान उपयोगाचे नाही, कारण मेलेल्या भागावर भलत्याच बुरशा वाढतात. निरोगी हिरवा भाग आणि रोगाचा डाग जिथे एकमेकांना भिडतात, तो भाग नमुन्यात यायला हवा. फवारणीआधी चार-पाच ठिकाणची पाने घ्यावीत, कागदात ठेवावीत. ओली पाने प्लास्टिकच्या पिशवीत कोंबली की वाटेतच कुजतात. सोबत चिठ्ठी हवी, तीही पेन्सिलीने लिहिलेली, म्हणजे ओल लागली तरी शाई पसरायची भीती नाही: गाव, गट क्रमांक, धानाचे वाण, रोवणीची तारीख, दिलेली खते आणि औषधे. चिठ्ठीवाचून पान म्हणजे पत्ता नसलेले पाकीट.

हा खटाटोप एका बांधीपुरता नसतो. भारतात कडा करपा पहिल्यांदा दिसला तो १९५१ साली, आपल्याच महाराष्ट्रात. शास्त्रीय नोंद प्रसिद्ध झाली १९५९ मध्ये आणि १९६३ मध्ये बिहारमध्ये त्याची मोठी साथ आली. त्याआधी १९४२ मध्ये बंगालच्या भातावर तपकिरी ठिपक्यांचा रोग पसरला होता. पुढच्या वर्षीच्या भीषण दुष्काळामागे युद्ध, साठेबाजी आणि सरकारी धोरण होतेच, पण या रोगाचाही वाटा होता असे अनेक अभ्यासक मानतात. कटकची भात संशोधन संस्था १९४६ साली उभी राहिली ती या अनुभवानंतरच.

शिवाय रोगही रूपे बदलतात. युरोपात सॅलडमध्ये खातात त्या लेट्यूसवरच्या केवडा रोगाची नवनवी रूपे सतत निघतात. म्हणून तिथे रोगट पाने गोळा करून प्रत्येक रूपाला क्रमांक दिला जातो आणि बियाणे तयार करणारे त्यावर नजर ठेवून असतात. आपल्याकडे २००८ मध्ये आलेल्या सुधारित सांबा महसुरी या वाणात कडा करप्याला तोंड देणारी तीन जनुके घातलेली आहेत. पण कोणत्या भागात कोणते जनुक टिकेल, हे तिथल्या जिवाणूवर अवलंबून असते. तो जिवाणू हाती यायचा तर त्या गावचे पान यायला हवे. मोबाइलवरचा फोटो सल्ल्याला उपयोगी पडतो, पण फोटोतून जिवाणू वाढवता येत नाही.

राज्यात क्रॉपसॅप योजनेखाली २००९ पासून कीडरोगांचे सर्वेक्षण होते, २०२४ मध्ये केंद्र सरकारची मोबाइलवरची यंत्रणाही आली. आता गरज आहे ती शेवटच्या दुव्याची. धानाच्या हंगामात ग्रामपंचायतीत नमुना घेण्याचा एक ठरलेला दिवस असावा, तो त्याच आठवड्यात प्रयोगशाळेत पोचावा, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे उत्तर गावच्या फलकावर लागावे. पान देऊनही उत्तर आले नाही, तर शेतकरी पुन्हा पान देणार नाही, आणि त्यात त्याचे काही चुकले असे म्हणता येणार नाही. चुकीच्या बाटलीचे पैसे उसनवारीतून जातात. ते वाचवणारा कागद वेळेवर हाती पडावा, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.