मुकुटाआधी मार्गदर्शकाची पारख

इचलकरंजीतील सुताच्या एका जुन्या पेढीवर दिवाळीनंतर एक वेगळाच प्रश्न उभा राहिला. घरातील एकोणीस वर्षांची नात महाविद्यालयाच्या सौंदर्यस्पर्धेत पहिली आली होती आणि आता तिला राज्य पातळीवरील स्पर्धेची तयारी करायची होती. आई धास्तावली, वडील गप्प राहिले. आजोबांनी नकार दिला नाही, होकारही दिला नाही. "आधी भागीदार कोण, ते पाहू," एवढेच ते म्हणाले. भागीदार म्हणजे नातीला शिकवणारा प्रशिक्षक.

शब्द व्यापारी असला तरी नेमका होता. काही महिन्यांसाठी का होईना, मुलीचा वेळ, पैसा, आहार आणि आत्मविश्वास या व्यक्तीच्या हाती सोपवायचा असतो. पेढीत भागीदार घेताना जी चौकशी होते, तिच्याहून कमी चौकशी येथे करून कसे चालेल?

पहिल्या प्रशिक्षकाने "मुकुट नक्की" अशी हमी दिली आणि अडीच लाख रुपये एकरकमी, तेही रोखीने मागितले. आजोबांनी तेथेच हात जोडले. परीक्षकांचा निर्णय ज्याच्या हाती नाही, तो निकालाची हमी कशाच्या बळावर देतो? शिवाय १ एप्रिल २०१७ पासून एका व्यवहारात दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई केली आहे. पहिल्याच भेटीत कायदा बाजूला ठेवणारा मनुष्य पुढे शब्द पाळील, असे मानण्यास आधार नव्हता. शुल्क टप्प्याटप्प्याने, धनादेशाने किंवा बँकेमार्फत द्यावे आणि प्रत्येक वेळी पावती घ्यावी. किती तास, कोणते विषय आणि मध्येच शिकणे थांबल्यास किती रक्कम परत, हे आधीच लेखी असावे.

दुसऱ्या ठिकाणी अडचण निराळी होती. तेथे प्रशिक्षण देणारेच एका स्पर्धेचे आयोजक होते. पोशाख आणि छायाचित्रणही त्यांनी सांगितलेल्या दुकानांतूनच घ्यायचे होते. जो तारणाचे मूल्यांकन करतो त्यानेच कर्ज मंजूर करू नये, हा बँक व्यवहारातील साधा नियम येथेही लागू पडतो. शिकवणाऱ्याचा लाभ मुलीच्या प्रगतीत आहे की तिच्या खर्चात, हे पाहावे. सुश्मिता सेन यांनी १९९४ च्या मिस इंडिया स्पर्धेत घातलेला गाऊन दिल्लीच्या एका साध्या शिंप्याने शिवला होता आणि हातमोजे नव्या पायमोज्यांचे केले होते, हे त्यांनीच सांगितले आहे. त्याच वर्षी त्या मिस युनिव्हर्स झाल्या. पोशाखाचे देयक मोठे असले म्हणजे तयारी मोठी झाली, असे नव्हे.

तयारीची अंगेही वेगवेगळी असतात. मंचावरील चाल, देहबोली, आहार व व्यायाम, मुलाखत आणि प्रश्नोत्तरे ही प्रत्येक स्वतंत्र विद्या आहे. मुंबईच्या रंगभूमीवरील सबिरा मर्चंट यांनी मिस इंडियाच्या स्पर्धकांना शिकवले ते उच्चार आणि शिष्टाचार, म्हणजे त्यांचे स्वतःचे क्षेत्र. "सर्व काही मीच शिकवतो" असे म्हणणाऱ्यापेक्षा "हे माझे काम नाही, त्यासाठी आहारतज्ज्ञाकडे जा" असे सांगणारा अधिक विश्वासार्ह समजावा.

आहाराचा प्रश्न जैन घरात अधिक नाजूक होतो. अंडी खाल्ल्याशिवाय आणि रात्री उशिरा जेवल्याशिवाय शरीर घडत नाही, असे कोणी ठामपणे सांगू लागल्यास त्याचे ज्ञान अपुरे आहे. मूग, मटकी, हरभरा, पनीर, शेंगदाणे यांतून प्रथिने मिळतात आणि ती सूर्यास्तापूर्वीही खाता येतात. डोळसपणा मात्र अन्यत्रही हवा. त्वचेसाठी सुचवले जाणारे कोलॅजेन प्राण्यांच्या किंवा माशांच्या शरीरातून काढतात; पुष्कळ कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे असते; काही लिपस्टिकमधील कार्माइन हा लाल रंग कीटकांपासून बनतो. वेष्टनावरील घटक वाचण्याची सवय लावणारा प्रशिक्षक भेटल्यास उत्तमच. रंग उजळवणारी इंजेक्शने वा मलमे सुचवणाऱ्यास मात्र दारातूनच परत पाठवावे. त्वचेचा सल्ला त्वचारोगतज्ज्ञाचाच असावा.

सर्वांत महत्त्वाची कसोटी म्हणजे मुलीला "नाही" म्हणता येते का. कोणता पोशाख घालायचा, कोणते छायाचित्र कोठे जायचे, प्रवासात सोबत कोण असायचे, हे ठरवताना तिचा शब्द अखेरचा असला पाहिजे. मिस वर्ल्डने २०१५ पासून पोहण्याच्या वेशातील फेरी वगळली. इतर काही स्पर्धांत ती आहे. म्हणून प्रत्येक स्पर्धेची मूळ नियमावली मुलीने आणि पालकांनी एकत्र बसून वाचावी. वय, उंची, करारातील बंधने हे सारे तिच्यातच असते. मुलगी अठरा वर्षांखालील असेल तर पालकांना वर्गात बसण्यास मज्जाव करणारे ठिकाण सरळ टाळावे.

तिसऱ्या प्रशिक्षिका पुण्याच्या होत्या. त्यांनी आई-वडिलांऐवजी नातीलाच विचारले, "तुला हे कशासाठी हवे आहे?" मग मुकुट मिळेलच असे नाही, हे स्पष्ट सांगितले. जुन्या तीन विद्यार्थिनींचे दूरध्वनी क्रमांक दिले. त्यांपैकी एक अंतिम फेरीपर्यंतही पोहोचली नव्हती. आईने नेमके तिच्याशीच आधी बोलून घेतले. पेढीवर परतल्यावर नात म्हणाली, "आजोबा, मला याच हव्यात." आजोबांनी पहिल्या महिन्याच्या शुल्काचा धनादेश लिहिला.

त्या स्पर्धेत मुकुट दुसऱ्याच मुलीला मिळाला. नात चौथ्या दिवशी नेहमीप्रमाणे महाविद्यालयात गेली. रात्रिभोजनाचा नियम मोडला नव्हता, कर्ज झाले नव्हते आणि अनोळखी सभागृहात उभे राहून स्वतःचे मत शांतपणे मांडण्याची कला तिच्यापाशी शिल्लक होती. भागीदारी तोट्यात गेली, असे आजोबांना वाटले नाही.