शस्त्रक्रिया झाली, गोळ्यांचे काय?

भटक्या कुत्र्यांच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी दिलेल्या सुधारित आदेशात निर्बीजीकरण आणि लसीकरणाबरोबरच कुत्र्यांना जंतनाशक औषध देण्याचाही उल्लेख आहे. चर्चा झाली ती चाव्यांची आणि रेबीजची. जंतनाशकाचा मुद्दा मात्र मागे पडला. वास्तविक त्याचा थेट संबंध माणसाच्या यकृताशी आहे.

कुत्र्याच्या आतड्यातील काही मिलिमीटर लांबीच्या पट्टकृमीची अंडी माती, पाणी किंवा न धुतलेल्या भाजीतून माणसाच्या पोटात गेल्यास यकृतात द्रवाने भरलेली 'हायडॅटिड' गाठ होऊ शकते. ती वर्षानुवर्षे निमूटपणे वाढते आणि अनेकदा दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत सापडते. गाठ लहान असल्यास काही वेळा केवळ औषधाने भागते. मोठ्या वा फुटण्याच्या बेतात असलेल्या गाठीला शस्त्रक्रिया लागते. गाठीतील द्रवात कृमीचे असंख्य सूक्ष्म अंकुर असतात. शस्त्रक्रियेच्या वेळी तो पोटात सांडला, तर काही वर्षांनी तेथे नव्या गाठी उद्भवतात. म्हणूनच अल्बेंडाझोल हे औषध शस्त्रक्रियेपूर्वी सुरू करून नंतरही किमान महिनाभर द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटनेशी संलग्न तज्ज्ञगटाने २०१० मध्ये सुचविले. द्रव सांडल्यास हा काळ आणखी वाढतो.

खरी अडचण येथेच सुरू होते. राष्ट्रीय जंतनाशक दिनाला शाळेत मुलांना देतात, तीच ही गोळी. तेथे एकच पुरते. येथे प्रौढ रुग्णाला ४०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, अनेक आठवडे घ्यावी लागते. 'जंताची साधी गोळी' म्हणून ती मध्येच सुटते, कारण टाके निघालेले असतात आणि दुखणेही थांबलेले असते. त्यात आपल्याकडचे पथ्य! यकृताचे ऑपरेशन म्हटले की घरात तेल-तूप बंद होते आणि रुग्णाच्या ताटात मऊ भात व वरणाचे पाणी येते. अल्बेंडाझोल मात्र स्निग्ध आहाराबरोबर घेतल्यासच रक्तात नीट उतरते. उपाशीपोटी घेतल्यास त्याचा जेमतेम अंश शोषला जातो. डिस्चार्जच्या कागदावर ही एक ओळ ठळक लिहिणे काही अवघड नाही.

पूर्वी २८ दिवस गोळ्या आणि १४ दिवस खंड अशी पद्धत होती. आता सलग उपचारांकडे कल आहे. मात्र या औषधाने यकृतातील एन्झाइम वाढू शकतात, पांढऱ्या पेशी घटू शकतात. त्यामुळे ठरावीक अंतराने रक्ततपासणी आवश्यक ठरते, आणि गाठ पुन्हा उद्भवते का हे पाहण्यासाठी पुढे काही वर्षे सोनोग्राफीही करावी लागते. क्षयरुग्णाने औषध सोडले तर त्याचा माग काढणारी यंत्रणा आहे. हायडॅटिडच्या रुग्णामागे तशी कोणतीही यंत्रणा नाही. कळप घेऊन गावोगाव हिंडणाऱ्या मेंढपाळाने तपासणीसाठी वारंवार शहरातल्या रुग्णालयात यावे, ही अपेक्षा कागदावरच राहते.

कुत्र्यांच्या बाबतीतही असेच आहे. प्रॅझिक्वांटेलच्या एका मात्रेने आतड्यातील कृमी मरतात. पण कत्तलीनंतर उघड्यावर टाकलेले गाठीयुक्त यकृत-फुप्फुस खाल्ल्यास त्याच कुत्र्याला पुन्हा लागण होते आणि साधारण सहा-सात आठवड्यांत त्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडू लागतात. निर्बीजीकरणाच्या दिवशी दिलेल्या एका गोळीचा परिणाम तोवर संपलेला असतो.