भत्ता घ्यावा, पण वेतनावर

तुमसरचा तांदूळ असो, चिखल्याचे मँगनीज असो की वैनगंगेची रेती असो, भंडारा जिल्ह्याची ही संपत्ती बाजाराकडे निघाली की वाटेत कोठे तरी ट्रकचालकाचे मनगट खर्ची पडतेच. साकोली-लाखनीवरून रायपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर रात्रभर धावणाऱ्या या माणसाला मिळते काय? पगार थोडा आणि वर रोजचा भत्ता, म्हणजेच खुराकी. हा भत्ता त्याने स्वीकारावा की नाही, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही.

भत्त्यामागील तत्त्व रास्त आहे. घराबाहेर राहणाऱ्यास जेवणाखाण्याचा व मुक्कामाचा जादा खर्च येतो आणि तो मालकाने सोसावा, हे न्यायाचेच आहे. निवडणुकीच्या कामावर गेलेला शिक्षक भत्ता घेतो. पण त्यापायी त्याच्या पगाराला कात्री लागत नाही. ट्रकचालकाच्या बाबतीत नेमके उलटे घडू शकते. वेतनाचाच एक तुकडा तोडून त्याला भत्त्याचे नाव दिले जाते. हातात पडणारी रक्कम तीच असल्याने चालकाला फरक जाणवत नाही. तो जाणवतो पुढे, आणि बहुधा उशिरा.

कारण कायदा हिशेब करतो तो वेतनाचा. भविष्यनिर्वाह निधी व उपदान जेथे लागू आहे तेथे ती आकारणी वेतनावर होते. जादा कामाचा दुप्पट मोबदला म्हणजे वेतनाच्याच दराची दुप्पट. प्रवासखर्चापोटी दिलेली रक्कम या हिशेबाबाहेर राहते. महागाई भत्ता मूळ वेतनात विलीन व्हावा, यासाठी कर्मचारी संघटना वर्षानुवर्षे का झगडल्या, हे कारकून व शिक्षक वाचकांस सांगावयास नको.

एक हिशेब मांडून पाहू. दोन चालकांना महिन्याकाठी प्रत्येकी 20,000 रुपये मिळतात असे समजा. पहिल्याचे वेतन 15,000 व भत्ता 5,000. दुसऱ्याचे वेतन 10,000 व भत्ताही तितकाच. दुर्दैवाने वयाच्या तिसाव्या वर्षी कामावर असताना मृत्यू ओढवला, तर नुकसानभरपाई ठरते ती मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला 207.98 या गुणांकाने गुणून. पहिल्याच्या कुटुंबाला 15,59,850 रुपये मिळतील; दुसऱ्याच्या कुटुंबाला 10,39,900. काम तेच, जोखीम तीच. केवळ कागदावरील एका शब्दाने विधवेच्या पदरातील 5,19,950 रुपये जातात.

21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या वेतन संहितेने ही पळवाट काहीशी अरुंद केली आहे. वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाल्यास वरची रक्कम वेतनच मानली जाते. पण निम्म्यापर्यंतची वाट अजून मोकळीच आहे. वरील उदाहरणातील दुसरा चालक त्याच वाटेवर उभा आहे.

चालकाला आज रोख हवी असते आणि एक-दोन गाड्यांच्या मालकालाही डिझेल, टायर व हप्ते यांची ओढाताण असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु चाक फिरले तरच मिळणारा भत्ता पावसाळ्यात रेतीघाट बंद पडले की थांबतो. घरची चूल मात्र थांबत नाही. शिवाय भत्ता वाचवून घरी पाठवावयाचा म्हटला की चालक पोटाला चिमटा काढतो आणि झोप केबिनमध्येच उरकतो. या काटकसरीची किंमत रस्त्यावरील इतरांनाही कधी तरी मोजावी लागते.

तेव्हा भत्ता नाकारण्याचे कारण नाही; वेतनाच्या बदल्यात तो घेण्याचे मात्र नाकारले पाहिजे. आधी पुरेसे वेतन, मग प्रत्यक्ष खर्चाइतका भत्ता, आणि दोन्हींची वेगवेगळी नोंद असलेली वेतनचिठ्ठी, इतकी मागणी अवाजवी म्हणता येणार नाही. ज्या घरातील मुलगा महाविद्यालयात शिकतो आणि बाप ट्रक चालवितो, तेथे ती चिठ्ठी वाचण्याचे काम मुलाने करावे. ज्या गावात अर्ज लिहून देण्यास लोक गुरुजींकडे येतात, तेथे गुरुजींनीही हा फरक समजावून सांगावा. अपघातानंतर लिहिलेल्या अर्जाने वेतनाचा आकडा वाढत नसतो.