स्वस्त घर कुणाला महाग?

नगरच्या उपनगरांत घर शोधताना पहिला हिशेब होतो चौरस फुटाच्या भावाचा. सावेडीत परवडत नाही, मग केडगाव, बोल्हेगाव, त्याहून पुढे. मीही सध्या हाच हिशेब मांडते आहे. पण त्यात काही रकाने नसतातच. पाणी किती दिवसांनी येतं, आणि कुठल्या वेळी? रात्री कामावरून परतणाऱ्या बाईला रस्त्यावर दिवा आहे का? शाळा, दवाखाना पायी गाठता येतो का? भाव उतरतो तसतशी बाईची पायपीट वाढते. तिचे श्रम फुकटचे, म्हणून ते खर्चात धरले जात नाहीत.

दुसरा प्रश्न नावाचा. केवळ स्त्रीच्या नावे घर घेतल्यास महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. २० लाखांच्या घरामागे २० हजार रुपये वाचतात. नवऱ्याचं नाव जोडलं की ती मिळत नाही. मात्र सवलतीपुरतं कागदावर नाव आणि निर्णय त्याचे, असं होऊ नये.

तेव्हा मैत्रिणींनो, जागा पाहायला अंधार पडल्यावर जाऊ या. तिथल्या बायकांनाच विचारू या. खरेदीखत स्वतः वाचू या, मगच सही करू या.