तोरणमाळला जायचंय? आधी हे समजून घ्या: इथे ना गेट, ना सफारी, पण नियम आहेत

पावसाळा सुरू झाला की सीताखाईतून कोसळणारा धबधबा आणि धुक्यात हरवलेला यशवंत तलाव मोबाइलवर फिरू लागतो. अनेक पोस्टमध्ये तोरणमाळचा उल्लेख 'नॅशनल पार्क' असा केलेला असतो. मग 'सफारीचं बुकिंग कुठे होतं?', 'प्रवेशाच्या वेळा काय?' असे प्रश्न विचारले जातात.

पण तोरणमाळ हे राष्ट्रीय उद्यान नाही. मग ते नेमकं काय आहे आणि त्याने पर्यटकांना काय फरक पडतो?

राष्ट्रीय उद्यान नाही, मग काय?

महाराष्ट्रात ताडोबा, पेंच, नवेगाव, गुगामल, चांदोली आणि संजय गांधी अशी सहा राष्ट्रीय उद्यानं आहेत. यातलं अमरावती जिल्ह्यातलं गुगामल हे तोरणमाळप्रमाणेच सातपुड्यात आहे आणि मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे.

तोरणमाळ नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी म्हणजेच धडगाव तालुक्यात येतं. साडेतीन हजार फुटांहून उंच असलेल्या या पठाराभोवतीच्या जंगलाला राज्य सरकारने 'संवर्धन राखीव क्षेत्र' म्हणून घोषित केलं आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा असला, तरी हा प्रकार त्यात २००२ च्या दुरुस्तीने आला.

दोन्हींत फरक काय?

राष्ट्रीय उद्यानात गुरं चारायला मनाई असते आणि तिथले स्थानिकांचे हक्क संपुष्टात आणले जातात. आत जायला परवानगी लागते. त्यामुळेच तिथे गेट, ठरलेल्या वेळा, मोजक्या गाड्या आणि सोबत गाइड ही व्यवस्था दिसते.

संवर्धन राखीव क्षेत्र सरकारी जमिनीवर, पण स्थानिक लोकांशी चर्चा करून घोषित करायचं असतं. लोक तिथेच राहतात, त्यांचे हक्क कायम असतात. व्यवस्थापनाबाबत सल्ला देणाऱ्या समितीत संबंधित प्रत्येक ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी असावा, असं कायदा सांगतो.

अभयारण्यात शिरण्यासाठी परवाना लागतो, ते कलम मात्र इथे लागू होत नाही. म्हणून तोरणमाळला सफारी गेट नाही.

मग इथे काहीही चालतं का?

नाही. अभयारण्याची काही बंधनं या क्षेत्रालाही लागू आहेत. शिकारीला बंदी आहे. आग लावणं किंवा पेटती वस्तू टाकून देणं हा गुन्हा आहे. वन्यप्राण्यांना त्रास देणं आणि कचरा टाकणं यालाही कायद्याने मनाई आहे. तलावाकाठी टाकलेली चिप्सची पाकिटं किंवा रात्री पेटवून तशीच सोडलेली शेकोटी म्हणजे कायद्याचं उल्लंघन ठरू शकतं.

आगीचा धोका उन्हाळ्यात सर्वाधिक असतो. हे जंगल पानगळीचं आहे. मार्चपासून जमिनीवर वाळलेल्या पानांचा थर साचतो आणि एक ठिणगीही पुरते. यात फक्त झाडं जळत नाहीत. मोहाची फुलं, चारोळी आणि तेंदूपत्ता गोळा करण्याचे दिवसही हेच असतात. वणवा लागला तर गावकऱ्यांची त्या हंगामाची कमाईच जाते.

रस्त्याकडे दुर्लक्ष का नको?

जवळचं मोठं रेल्वे स्थानक सुरत-भुसावळ मार्गावरचं नंदुरबार. तिथून शहादा आणि शहाद्याहून म्हसावदमार्गे तोरणमाळ. शहाद्यापासूनचं अंतर सुमारे ५५ किलोमीटर आहे, पण शेवटचा टप्पा वळणावळणाच्या घाटाचा आहे.

२०२१ मध्ये या परिसरातल्या घाटांत दोन मोठे अपघात झाले. जानेवारीत खडकी घाटात मजुरांची गाडी दरीत कोसळून किमान सहा जणांचा मृत्यू झाला. जुलैमध्ये सिंदीदिगर घाटात जीप कोसळून आठ जण दगावले. मृत्यू झाले ते कामासाठी किंवा गावी ये-जा करण्यासाठी रोज हाच रस्ता वापरणाऱ्यांचे.

त्यामुळे घाट दिवसाउजेडी पार करणं, गाडीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं न बसवणं आणि धुक्यात रील काढण्यासाठी वळणावर न थांबणं महत्त्वाचं. इंधन शहाद्यातच भरून घ्यावं. रोख पैसे जवळ ठेवावेत, कारण मोबाइलची रेंज सगळीकडे मिळेलच असं नाही. मोठ्या उपचारांसाठी शहादा किंवा नंदुरबारच गाठावं लागतं, हेही लक्षात असावं.

कधी जावं?

धबधबा पाहायचा तर पावसाळा किंवा त्यानंतरचे काही आठवडे. रस्ता आणि हवामान दोन्ही सोयीचं हवं असेल तर हिवाळा. महाशिवरात्रीला इथे गोरक्षनाथांची यात्रा भरते, तेव्हा घाटात मोठी गर्दी असते. मुक्कामाच्या खोल्या मोजक्याच असल्याने सोय आधी फोन करून पक्की करावी.

पर्यटनाचा फायदा कुणाला?

२०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्याची सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. केंद्राने २०१८ मध्ये देशातले 'आकांक्षित जिल्हे' निवडले, त्यात नंदुरबारचं नाव होतं. म्हणजे आरोग्य, शिक्षण आणि पोषणात हा जिल्हा मागे आहे, हे सरकारनेच मान्य केलं आहे.

अक्राणी तालुका पाचव्या अनुसूचीत येतो. पेसा कायद्यामुळे इथल्या ग्रामसभांना गौण वनोपज आणि गावातल्या साधनसंपत्तीबाबत अधिकार आहेत. पर्यटन वाढलं तर त्याचे नियम ठरवण्यात आणि उत्पन्नात ग्रामसभांचा वाटा किती, हा इथला खरा प्रश्न आहे.

पर्यटक शहरातून डबे आणि पाण्याच्या बाटल्या भरून येतात, दोन तासांत फोटो काढून परततात. गावात पैसा येत नाही, कचरा तेवढा उरतो. त्याऐवजी एक रात्र मुक्काम, गावातल्या चुलीवरचं जेवण, वाट दाखवायला सोबत घेतलेला गावातला तरुण आणि परतताना धडगाव भागातलं आमचूर, एवढ्यानेही चित्र थोडं बदलू शकतं.

राष्ट्रीय उद्यानात पर्यटकांना शिस्त लावायला गेटवर कर्मचारी असतो. तोरणमाळला ती शिस्त पर्यटकांना स्वतःच पाळावी लागते.