‘एक देश, एक कार्ड’: सोय कोणाची?

4 मार्च 2019 रोजी पंतप्रधान मोदींनी अहमदाबादेत ‘एक देश, एक कार्ड’ योजनेचे ढोल वाजविले. बस-मेट्रोचे हे कार्ड बँका देतात. प्रवाशाने त्यात आगाऊ पैसे भरायचे. रोजंदारीवरील मजुराने बँकभांडवलाला दिलेले हे बिनव्याजी कर्जच होय! कामगारवर्गाचा यंत्राला विरोध नाही; ते कोणाच्या हिताकरिता राबते, हाच प्रश्न आहे. लंडनमध्ये 2003 साली ऑयस्टर कार्ड आले. 2014 साली बसमधील रोख भाडे बंद झाले, 2015 साली भुयारी रेल्वेच्या तिकीट-खिडक्या मिटल्या, शेकडो नोकऱ्या गेल्या. भारतातील वाहकांवर हीच कुऱ्हाड कोसळू द्यायची काय? रोख तिकीट कायम ठेवा, एकाही वाहकाची कपात करू नका, या मागण्यांवर कामगार-प्रवाशांची अभेद्य एकजूट उभारली पाहिजे!